अर्जावरचा पत्ता बौद्धवाडीच राहील

निकाल लागले की तळ्यात आमच्याकडे पोरं-पोरी यायला लागतात. कुणी बी.ए., कुणी बी.कॉम. हातात मोबाईल आणि मोबाईलमध्ये कुठून तरी उतरवून घेतलेला नोकरीच्या अर्जाचा नमुना. गेल्या वर्षी अशीच एक मुलगी आली. घरातली पहिली पदवीधर. एका कंपनीत ऑफिस असिस्टंटची जागा निघाली होती. अर्ज तिनं स्वतः लिहिला होता, चुकाही फारशा नव्हत्या. फक्त पत्त्याची ओळ अर्धी होती. विचारलं तर म्हणाली, "दादा, मामा म्हणतो बौद्धवाडी लिहू नको. नुसतं गाव आणि ता. तळा लिही."

मामाला हसू नका. त्यानं उभी हयात मुंबईत नोकरी केली आहे आणि त्याला जे माहीत आहे ते पुस्तकात नसतं. आपल्या कोकणात आडनावावरून जात सहज कळत नाही. मोरे, जाधव, पवार, कदम मराठ्यांतही आहेत आणि आपल्यातही. मग ज्याला जात हवी असते तो खालची ओळ वाचतो. आमच्या गावांची रचनाच अशी की वाडीचं नाव कळलं की माणूस कळला. मुलाखतीत "मूळ गाव कुठलं?" आणि त्यावर "गावात नेमकं कुठं?" असं विचारणाऱ्याला भूगोलात रस नसतो.

आणि हा नुसता आपला संशय नाही. डॉ. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठवून पाहिले. पात्रता सारखी, फरक नावाचा. काही अर्जांवर सवर्ण हिंदू नाव, काहींवर दलित, काहींवर मुस्लिम. २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त निष्कर्ष छापून आले. सवर्ण नावाला बोलावणं येण्याचा संभव १ धरला, तर दलित नावाला तो ०.६७ आणि मुस्लिम नावाला ०.३३. अमेरिकेत गोऱ्या आणि काळ्या नावांचे अर्ज पाठवून केलेला असाच अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला होता, तिथंही हाच प्रकार. म्हणजे उमेदवार दारात उभाही राहिलेला नसतो, त्याचा कागद तेवढा पोचलेला असतो आणि भेदभाव तिथंच उरकलेला असतो. "गुणवत्ता असेल तर कोण अडवतो?" असं करिअर मार्गदर्शनाच्या शिबिरात टाळ्या घेत सांगणाऱ्यांनी हे आकडे एकदा फळ्यावर लिहून दाखवावेत.

मग मामाचं ऐकायचं का? आमचं उत्तर नाही असं आहे. त्याचं पहिलं कारण अगदी व्यवहारातलं आहे. नोकरी लागली की पहिल्या दिवशी शाळा सोडल्याचा दाखला मागतात. त्यावर जातीचा रकाना आहे. पत्त्यातून खोडलेली वाडी दाखल्यातून बाहेर येतेच आणि तोवर तुम्ही त्या ऑफिसात मान खाली घालून बसायची सवय लावून घेतलेली असते. डब्यात काय आणलं, १४ एप्रिलला सुट्टी कशाला, प्रत्येक गोष्टीला एक खोटं तयार ठेवावं लागतं. ज्यांनी असं वर्षानुवर्षं काढलं ती माणसं आमच्या ओळखीची आहेत. पगार मिळाला त्यांना, पण सहकाऱ्याला घरी बोलावता आलं नाही.

दुसरं कारण बौद्धवाडी या शब्दाचं. २०२० च्या डिसेंबरात राज्य मंत्रिमंडळानं वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. महारवाडा, मांगवाडा, बौद्धवाडा जाऊन समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावं यावीत. हेतू चांगला. (भीमनगर वाचून कुणाला काय कळायचं राहतं, हा प्रश्न सोडून देऊ.) पण महारवाडा हे नाव आपल्याला दिलेलं होतं आणि बौद्धवाडी हे १९५६ नंतर आपण घेतलेलं आहे. दोन्ही एकाच यादीत बसवणं आम्हाला मान्य नाही. जे दुसऱ्यानं चिकटवलं ते काढून फेकावं. जे आपण स्वतः धारण केलं ते एका नोकरीसाठी का खोडायचं?

तळ्याहून कुडा लेणी फार लांब नाहीत. तिथं शिवभूती नावाच्या एका लेखकाचा ब्राह्मी शिलालेख आहे. महाभोजाच्या पदरी नोकरीला असलेला, लेखणीवर पोट असलेला माणूस. आपलं काम काय, धनी कोण, आई-बाप कोण, बायको नंदा, सगळं त्यानं दानलेखात दगडावर कोरून घेतलं. आपल्या पोरांना मात्र कागदावर स्वतःची वाडी लिहिताना घाम फुटतो.

आता अर्जाच्या भाषेविषयी. "आपणांस सविनय विनंती की, मी अत्यंत गरीब कुटुंबातील असून... आपली कृपा व्हावी... आपली आज्ञाधारक." हा नमुना कुणी शिकवला कोण जाणे, पण तो अजून चालू आहे. महाडजवळच्या रावढळचे गोपाळबाबा वलंगकर यांनीही अर्जच लिहिला होता. इंग्रजांनी महारांची सैन्यभरती बंद केली तेव्हा १८९४ साली त्यांनी विनंतिपत्राचा मसुदा केला. एका परीनं आपल्या समाजाचा तो पहिला मोठा नोकरीचा अर्ज. भाषा नम्र आहे, काळच तसा होता. पण मागणीला आधार दिला तो आपल्या माणसांनी बजावलेल्या सैनिकी चाकरीचा. आम्ही हे काम केलं आहे, म्हणून आम्हाला घ्या. दया करा म्हणून नव्हे.

त्या मुलीच्या अर्जात गरिबीवर चार ओळी होत्या आणि कामावर एकही नव्हती. बोलता बोलता कळलं की जयंती मंडळाचा जमाखर्च दोन वर्षं तीच लिहिते. वर्गणीची पावतीपुस्तकं, मंडपवाल्याचा हिशेब, शिल्लक रकमेचा मेळ, सगळं तिच्या हातचं. "मग हे का नाही लिहिलंस?" तर म्हणे, "ते काय काम आहे का? आणि मंडळाचं नाव कसं लिहिणार?" आम्ही गरिबीच्या चारही ओळी खोडल्या आणि तिथं हे लिहायला लावलं, मंडळाच्या नावासकट.

आमच्याच काही कार्यकर्त्यांना हा सगळा खटाटोप फुकट वाटतो. खासगीवाले आपल्याला घेत नाहीत, पोरांनी सरकारी भरतीचा अभ्यास करावा, असं त्यांचं म्हणणं. भरतीची तयारी जरूर करावी, घटनेच्या कलम १६(४) नं दिलेला हक्क सोडायचा नाही. पण जागा किती निघतात? ६ सप्टेंबर २०२३ च्या शासन निर्णयानं बाह्य यंत्रणेमार्फत पदं भरायची वाट मोकळी केली होती. ओरड झाली म्हणून ऑक्टोबरात तो मागे घ्यावा लागला. कंत्राटी भरतीची भूक मात्र संपलेली नाही. तोवर बाविशीतलं पोर तिशीला टेकतं.

दुसरं असं की खासगी क्षेत्रात आरक्षण हवं म्हणून आपण मोर्चे काढतो. समोरचा विचारतो, तुमचे अर्ज नाकारले कुठे? तेव्हा आपल्या हातात काय असतं? अर्ज केलाच नसेल तर नकारही नाही, आणि अर्ज कुठं, कधी, कोणत्या जागेसाठी गेला याची नोंद नसेल तर ओरडणं तेवढं उरतं. थोरातांनी जे मोठ्या प्रमाणावर केलं ते तालुक्यापुरतं आपल्याला का जमू नये? एप्रिलात साउंडवाल्याला द्यायला आपल्याकडे पैसे निघतात. वाडीतल्या पदवीधराचा अर्ज वाचायला तासभर बसणारा माणूस मात्र निघत नाही. हा दोष कुठल्या कंपनीचा नाही.

तिचा अर्ज गेला, पूर्ण पत्त्यासह. त्या कंपनीकडून उत्तर आलं नाही. नंतरचे दोन अर्ज तसेच गेले. चौथ्या ठिकाणी बोलावलं, हिशेबाचंच काम आहे, पगार कमी आहे, ती जाते आहे. घरात भूक असेल आणि एखाद्यानं वाडी न लिहिता अर्ज टाकला तर आम्ही त्याला बोल लावणार नाही. मात्र त्यानंही नोंद करावी, कारण त्याला ते का करावं लागलं हीसुद्धा नोंदच आहे.

विहारात आम्ही दोनशे पानी वही ठेवली आहे. तारीख, कंपनी, जागा, पत्ता कसा लिहिला, उत्तर काय आलं, असे पाच रकाने आहेत. शेवटच्या रकान्यात आज तरी रेघाच जास्त आहेत. रविवारी वंदना झाली की वही उघडी असते. येताना अर्जाची एक प्रत घेऊन या.