विश्लेषण : संकेतस्थळ कशावर उभारायचे आणि त्याची किल्ली कोणाकडे?

जानेवारी २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी राज्यातील कार्यालयांना शंभर दिवसांचा सात कलमी कार्यक्रम दिला, तेव्हा त्या यादीत संकेतस्थळ अगदी वर होते. संकेतस्थळ अद्ययावत करा, नागरिकाने अर्ज करण्याआधीच जी माहिती कायद्याने जाहीर व्हायला हवी ती तिथे टाका, असा त्याचा आशय. पुढे मे महिन्यात दीडशे दिवसांचा कार्यक्रम आला, त्यातही संकेतस्थळ होतेच. अमरावती आणि अकोल्यातील सरकारी कार्यालयांना हा विषय तेव्हापासून टाळता येत नाही. महाविद्यालये, पतसंस्था, बाजार समित्या, रुग्णालये यांना कोणी असा कार्यक्रम दिलेला नाही, पण नॅकची भेट, प्रवेशाचा हंगाम किंवा शेजारच्या संस्थेची चकचकीत साइट त्यांना त्याच वाटेवर आणते. बैठकीत खर्च किती आणि तारीख कोणती हे विचारले जाते. साइट कोणत्या प्रणालीवर उभी राहणार हे मात्र ‘वेबसाइटवाल्या’वर सोडून दिले जाते, आणि तीन वर्षांनी त्याचीच किंमत मोजावी लागते.

सीएमएस म्हणजे नेमके काय?

कन्टेन्ट मॅनेजमेंट सिस्टिम, म्हणजे संकेतस्थळावरचा मजकूर सांभाळणारी यंत्रणा. ती नसेल तर एक सूचना टाकायलाही संगणकाची भाषा जाणणारा माणूस लागतो. ती असेल तर कार्यालयातील लिपिक लॉगिन करतो, सूचना टाइप करतो, बटण दाबतो आणि ती संकेतस्थळावर दिसू लागते. रूप एकीकडे, मजकूर दुसरीकडे, आणि कोणाला काय बदलता येईल याचे अधिकार तिसरीकडे, अशी ही मांडणी असते. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला ही त्यातली जगभर वापरली जाणारी नावे. यांचा कोड खुला आहे, तो वापरायला परवाना शुल्क नाही. खर्च होतो तो साइट उभारणाऱ्याच्या मेहनतीवर, हॉस्टिंगवर आणि नंतरच्या देखभालीवर.

सरकारी कार्यालयांपुढे कोणता पर्याय आहे?

इथे निवड बरीच सोपी झाली आहे. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने म्हणजे एनआयसीने ‘एस-थ्री-वास’ नावाची चौकट तयार केली आणि देशभरातील जिल्ह्यांची संकेतस्थळे तिच्यावर आणली. अमरावती आणि अकोला जिल्हा प्रशासनाची संकेतस्थळे त्याच चौकटीत आहेत. म्हणूनच दोन्ही उघडून पाहिली तर रंग-चित्रे वेगळी, पण सांगाडा एकच. काहींना तो कंटाळवाणा वाटतो. माझ्या मते हा कंटाळवाणेपणा फायद्याचा आहे. ज्याने अकोल्याच्या साइटवर निविदा शोधली त्याला अमरावतीच्या साइटवर ती कुठे असेल हे विचारावे लागत नाही. हॉस्टिंग एनआयसीच्या क्लाउडवर, सुरक्षेचे अपडेट तिथूनच, मराठी व इंग्रजी दोन्हींची सोय आणि अंध वाचकाच्या स्क्रीन रीडरला समजेल अशी बांधणी. सरकारी संकेतस्थळांसाठीची मार्गदर्शक तत्त्वे २००९ मध्ये आली, २०१८ मध्ये सुधारली आणि २०२३ मध्ये तिसऱ्यांदा आली. ती पाळण्याचे निम्मे काम या चौकटीतच होऊन जाते.

उरलेले निम्मे मात्र कोणतीही यंत्रणा करून देत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ४ मधील १ ते १७ बाबी टाकायच्या तर त्या आधी कोणीतरी लिहायला हव्यात. आजही अनेक कार्यालयांची पद्धत अशी : संगणकावर टाइप केलेले पत्र छापायचे, सही-शिक्का मारायचा, मग स्कॅन करून त्याचे चित्र संकेतस्थळावर चढवायचे. हे चित्र शोधयंत्राला वाचता येत नाही, स्क्रीन रीडरलाही नाही. धारणी किंवा चिखलदऱ्यात मोबाइलला जेमतेम रेंज असलेल्या मुलाला तर ते उघडतासुद्धा येत नाही. सीएमएसमध्ये मजकुराचा रकाना रिकामा आणि खाली फक्त ‘डाउनलोड’ असे असेल, तर लाखो रुपयांची यंत्रणा आणि भिंतीवरचा नोटीस बोर्ड यांत फारसा फरक उरत नाही.

महाविद्यालये आणि खासगी संस्थांनी काय निवडावे?

‘एस-थ्री-वास’ सरकारी संस्थांपुरती आहे, त्यामुळे खरी अडचण इथे आहे. आपल्या भागातील बहुतेक संस्थांसमोर व्यवहारात चार वाटा असतात.

पहिली वाट : स्थानिक वेबसाइटवाला स्वतः बनवलेले ‘अ‍ॅडमिन पॅनल’ देतो. स्वस्त, झटपट आणि आपल्याला हवे तसे. मला सगळ्यात धोक्याची वाटते ती हीच. हे पॅनल जगात फक्त त्या एका माणसाला कळते. तो पुण्याला नोकरीला गेला, त्याने व्यवसाय बदलला किंवा बिलावरून वाद झाला की साइट जिथे आहे तिथे गोठते. दुसरा कोणी हात लावायला तयार होत नाही, आणि लावलाच तर ‘सगळे नव्याने करावे लागेल’ हेच सांगतो. बहुतेक वेळा त्याचे म्हणणे खरेही असते.

दुसरी वाट : विक्ससारख्या तयार सेवा. पडद्यावर ओढून-ठेवून साइट बनते, कोडची गरज नाही. पण तिथे बांधलेली साइट उचलून दुसऱ्या हॉस्टिंगवर नेता येत नाही. भाड्याच्या घरात स्वखर्चाने फरशी बसवण्यासारखा हा प्रकार.

तिसरी वाट फारशी कोणी सांगत नाही, कारण त्यात कोणाचे बिल होत नाही. पाच-सहा पाने, वर्षातून दोनदा बदल, एवढीच गरज असलेल्या पतसंस्थेला सीएमएसची आवश्यकताच नसते. साधी स्थिर पाने पुरतात. त्यात डेटाबेस नाही, लॉगिन नाही, त्यामुळे फोडण्यासारखेही फारसे काही नाही.

चौथी वाट वर्डप्रेसची, आणि ज्यांना आठवड्याला सूचना, निकाल, छायाचित्रे टाकायची आहेत अशा बहुतेक संस्थांसाठी माझे मत तिच्या बाजूने आहे. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ मध्ये सुरू केलेली ही प्रणाली आज जगातील चाळीस टक्क्यांहून अधिक संकेतस्थळांमागे आहे. ती सर्वोत्तम आहे म्हणून मी हे म्हणत नाही. राजकमल चौकात किंवा अकोल्याच्या टॉवर चौकात उभे राहून विचारले तर ती येणारा दुसरा माणूस सापडतो, म्हणून म्हणतो. ट्रॅक्टर घेताना शेतकरी तालुक्याच्या गावी सुटे भाग आणि मिस्त्री मिळतो का हे आधी पाहतो. तोच हिशेब इथेही लावायला हवा.

मग ड्रुपल का नाही?

अनेक विभाग, शेकडो वापरकर्ते, प्रत्येकाला वेगळे अधिकार असा पसारा असेल तर ड्रुपल जरूर पाहावे. विद्यापीठाच्या आकाराच्या संस्थेला ते शोभते. बहुभाषिकतेची सोय त्याच्या गाभ्यातच आहे, तर वर्डप्रेसमध्ये मराठी-इंग्रजी जोडीसाठी वेगळे प्लगिन लावावे लागते. मात्र ड्रुपलचा खर्च पुढे दिसतो. २०११ मध्ये आलेल्या ड्रुपल ७ चा अधिकृत आधार ५ जानेवारी २०२५ रोजी संपला. त्यावरून पुढच्या आवृत्तीवर जाणे म्हणजे साधे अपडेट नव्हते, साइट जवळजवळ पुन्हा बांधण्याचे काम होते. ज्या संस्थेत माहिती-तंत्रज्ञानाचा पूर्णवेळ माणूस नाही तिला हे झेपत नाही.

वर्डप्रेसचे धोके कोणते?

आहेत, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. मूळ प्रणालीपेक्षा तिच्यावर चढवलेल्या प्लगिनमध्ये बहुतांश भगदाडे सापडतात. वेबसाइटवाला सरकणाऱ्या चित्रांसाठी एक, फॉर्मसाठी एक, आकडा मोजणाऱ्या यंत्रासाठी एक, अशी वीस-पंचवीस प्लगिन लावून ठेवतो. पैसे मोजायचे टाळून कुठून तरी उतरवलेली चोरटी थीमही कधी त्यात असते. मग दोन वर्षे कोणी अपडेटचे बटण दाबत नाही, आणि एके सकाळी महाविद्यालयाच्या पानावर ऑनलाइन जुगाराच्या जाहिराती झळकतात. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमध्ये एक गंभीर त्रुटी उघड झाली, तेव्हा सात तासांत दुरुस्ती न केलेली प्रत्येक साइट फोडली गेली असे गृहीत धरा, असा इशारा त्या प्रकल्पाच्या सुरक्षा चमूने दिला होता. आपल्याकडे साइट फुटल्याचे कळायलाच सात दिवस जातात.

दुसरा धोका २०२४ च्या सप्टेंबरात जगाने पाहिला. मुलेनवेग आणि ‘डब्ल्यूपी इंजिन’ या मोठ्या हॉस्टिंग कंपनीत वाद पेटला आणि त्या कंपनीला वर्डप्रेसच्या मध्यवर्ती अपडेट-भांडारातून रोखण्यात आले. प्रकरण अमेरिकेतील न्यायालयात गेले आणि डिसेंबरमध्ये न्यायालयाच्या आदेशाने वाट पुन्हा खुली झाली. कोड मोफत आणि खुला असला तरी अपडेटचा नळ कोणाच्या तरी हातात असतो, हे त्यातून दिसले. तरीही त्या काळात कोणाची साइट नाहीशी झाली नाही, कारण कोड आणि मजकूर ज्याचा त्याच्याजवळ होता.

किल्ली कोणाकडे असते?

इथपर्यंत वाचून ‘वर्डप्रेस घेऊ’ असे ठरवले तरी खरी गोम पुढेच आहे. डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा पत्ता, कोणाच्या नावावर नोंदला आहे? अनेकदा तो वेबसाइटवाल्याच्या खात्यात, त्याच्या ई-मेलवर असतो आणि नूतनीकरणाचा ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. डॉट इन पत्त्याचे वर्षाचे शुल्क साधारण हजार रुपयांच्या आत असते. तेवढ्यासाठी संस्थेचे नाव दुसऱ्याच्या हाती राहते आणि करार संपताना तोच सौदेबाजीचा मुद्दा होतो. प्राचार्यांच्या वैयक्तिक जीमेलवर नोंदवणेही तितकेच चुकीचे, कारण प्राचार्य निवृत्त होतात. संस्थेचा कायमचा ई-मेल, संस्थेचा मोबाइल क्रमांक आणि नोंदणी संस्थेच्या नावावर, हे काम पहिल्या दिवशी, आगाऊ रक्कम देण्याआधी करून घ्यावे. प्रमुख अ‍ॅडमिनचे खाते आणि हॉस्टिंगचे लॉगिन संस्थेकडे, वेबसाइटवाल्याला वेगळे खाते. महिन्याचा बॅकअप संस्थेच्या स्वतःच्या डिस्कवर. देखभालीच्या करारात अपडेट कोण आणि किती दिवसांत करणार हे लिहिलेले हवे. ‘सपोर्ट दिला जाईल’ या तीन शब्दांवर सही करू नये.

मराठीचे काय?

हा भाग निविदेत जवळपास कधीच नसतो. श्री-लिपी किंवा कृतिदेवच्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरांचा कचरा असतो. तो फॉन्ट नसलेल्या मोबाइलवर तो तसाच दिसतो आणि शोधात कधीच येत नाही. सरकारी कार्यालयांना युनिकोड बंधनकारक होऊन बरीच वर्षे झाली, तरी मुद्रणालयातून आलेली फाइल तशीच चिकटवण्याची सवय सुटलेली नाही. तयार होत असलेल्या साइटची परीक्षा घ्यायला आपल्या प्रदेशाचे नावच पुरेसे आहे : ‘वऱ्हाड’. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन वेगळ्या पद्धतींनी लिहिला जातो आणि वाईट रूपांतरात त्याचा ‘वर्हाड’ होतो. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडेलच असे नाही. शोधखिडकीत दोन्ही रूपे टाकून पाहावीत.

वर्डप्रेसची आणखी एक खोड. बातमीच्या मथळ्यावरून ते पानाचा पत्ता आपोआप बनवते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा त्या पत्त्यात नऊ चिन्हांची होते आणि मर्यादा आहे दोनशेची. म्हणजे बाविसेक अक्षरांत मामला आटोपतो. ‘शैक्षणिक वर्ष २०२५-२६ प्रवेश प्रक्रियेबाबत सूचना’ या मथळ्याचा पत्ता ‘प्र’पाशी तुटतो. ‘शैक्षणिक वर्ष २०२५-२६ प्रात्यक्षिक परीक्षा’ याचाही तिथेच, फक्त मागे २ लागतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की टक्क्यांच्या चिन्हांची लांबलचक माळ दिसते, आणि लोक ती फसवणुकीची लिंक समजून उघडत नाहीत. पत्ता रोमन अक्षरांत हाताने छोटा लिहिण्याची सवय लिपिकाला लावणे हे अर्ध्या तासाचे प्रशिक्षण आहे.

जुन्या साइटचे काय करायचे?

महाविद्यालयांसाठी हा प्रश्न सगळ्यात नाजूक. नॅकसाठीचा स्वयंमूल्यमापन अहवाल आणि दरवर्षीचे गुणवत्ता अहवाल संकेतस्थळावर असावे लागतात, आणि अहवालात पुरावा म्हणून दिलेल्या लिंक पडताळणीच्या वेळी उघडून पाहिल्या जातात. नवा वेबसाइटवाला नवी प्रणाली आणतो, पानांचे पत्ते बदलतात आणि जुन्या शेकडो लिंक एका रात्रीत मरतात. साइट सुंदर दिसते म्हणून समारंभात उद्घाटन होते, आणि मेलेल्या लिंकचा शोध पडताळणीच्या आठवड्यात लागतो. त्यामुळे कामाच्या आदेशात जुन्या प्रत्येक पत्त्याची यादी आणि त्याचा नवा पत्ता असा तक्ता मागावा. जुन्या पत्त्यावर येणारा वाचक आपोआप नव्या पानावर जाईल अशी सोय करून घ्यावी. जुनी साइट किमान वर्षभर दुसऱ्या पत्त्यावर जिवंत ठेवावी आणि शेवटचा हप्ता त्या तक्त्यातील पन्नास लिंक कार्यालयाच्या संगणकावर, संस्थेच्याच माणसाने उघडून पाहिल्यावर द्यावा.