राखीव मुलींचा खेळ

खो-खोच्या संघात १२ मुली असतात, मैदानात ९ उतरतात. उरलेल्या तिघी ‘राखीव’. संरक्षणाला मुली तीन-तीनच्या तुकड्यांनी येतात. पहिलीच तुकडी वेळ संपेपर्यंत टिकली, तर मागच्यांच्या वाट्याला पळणेही येत नाही. तेव्हा कोणाला किती खेळवायचे, हा प्रश्न केवळ डावपेचाचा नाही, न्यायबुद्धीचाही आहे.

स्पर्धा म्हटली की जिंकायचेच, असे प्रशिक्षक म्हणतात. त्यात तथ्य आहे. संघ विभाग, राज्य अशा पायऱ्या चढला, तर दहावी-बारावीच्या सवलतीच्या गुणांचा लाभ मुलींनाच होतो. पण ‘लातूर पॅटर्न’ने आपल्या नजरेला एक सवय लावली आहे : फलकावरची मोजकी नावे दिसतात, मागच्या बाकावरची दिसत नाहीत. नांदेड-लातूरच्या मैदानांवरही हीच नजर वावरते.

शेजारच्या धाराशिवची सारिका काळे २०१६च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय संघाची कर्णधार झाली. २०२०चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. अशी गुणवत्ता आठवीतच अचूक ओळखता येते, असे मानणे धाडसाचे ठरेल.

आपल्याकडे अनेक मुलींसाठी शाळेचे मैदान हेच अखेरचे मैदान असते. निदान सुरुवातीच्या फेऱ्यांत तुकड्यांचा क्रम बदलावा, राखीव मुलींना उतरवावे. आणि जिला बसवले, तिला कारण सांगावे. ओरडून शिस्त लागते. विश्वास मात्र खेळवल्यानेच येतो.