रोजमेळ आणि ४९५

दुकान वाढवताना व्यापारी रोजमेळ मांडतो. आरंभीची शिल्लक, दिवसाची जमा, दिवसाचा खर्च आणि गल्ल्यातील रोकड. आकडा जुळला की वही मिटते. पाच रुपयांचा फरक आला तरी तो पहिल्या नोंदीपासून पुन्हा पाहू लागतो. त्याला कोणी रागावत नाही. चूक मेळच दाखवतो. त्याच घरात तिसरीतील मूल मात्र वजाबाकीची वही आईपुढे धरते आणि उत्तर बरोबर आले की नाही, हे तिच्या चेहऱ्यावर वाचू पाहते. गणिताची भीती अनेकदा इथे रुजते.

या भीतीवरील उपाय ठाणे-डोंबिवलीच्या परिसराशी नाते असलेल्या एका शाळामास्तरांनी सहज देऊन ठेवला आहे. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर यांचा जन्म १७ जानेवारी १९०५ रोजी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील डहाणू येथे झाला. माध्यमिक शिक्षण ठाण्यात, पुढचे पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात. आणि १९३० ते १९६२ नाशिक भागात शिक्षकी. काही विद्वानांनी त्यांचे संशोधन पोरखेळ मानले. पण त्यांना सुचलेल्या एका संख्यासमूहाला त्यांनी ‘डेमलो’ हे नाव दिले, ते जिथे ती कल्पना सुचली त्या रेल्वे स्थानकावरून. ते स्थानक म्हणजे आजचे डोंबिवली. त्या समूहातील एक माळ कोणत्याही मुलाला मोहवील : ११ × ११ = १२१, १११ × १११ = १२३२१, ११११ × ११११ = १२३४३२१.

अशा माळांचे आकर्षण जैन परंपरेलाही जुने आहे. नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचला. एकापासून सहापर्यंत चढत जाणारी आणि तशीच उतरणारी १२३४५६५४३२१ ही संख्या त्यात येते. सहा एकांच्या संख्येचा, म्हणजे १११,१११ चा, तो वर्ग आहे.

कापरेकरांचे नाव जगभर गेले ते ६१७४ या संख्येमुळे. हा शोध त्यांनी १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत मांडला. त्याचे तीन अंकी धाकटे भावंड तिसरी-चौथीच्या मुलांना उत्तम जमते. तिन्ही अंक सारखे नसलेली एखादी संख्या घ्यावी, समजा ४२१. अंकांची मोठ्यात मोठी मांडणी ४२१, लहानात लहान १२४; वजाबाकी २९७. पुन्हा ९७२ − २७९ = ६९३. मग ९६३ − ३६९ = ५९४. मग ९५४ − ४५९ = ४९५. यापुढे काहीही केले तरी ४९५च येते. उत्तर दोन अंकी आले, जसे ९९, तर पुढे शून्य लिहून ०९९ धरावे. कुठूनही निघाले तरी जास्तीत जास्त सहा वजाबाक्यांत मुक्काम येतो.

यातील खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ असतो आणि कडेच्या दोन अंकांची बेरीजही ९ होते. तसे झाले नाही, तर हातचा कुठेतरी चुकला आहे, हे मुलाला स्वतःलाच कळते. हाच त्याचा रोजमेळ.

पावकी, निमकी, दिडकी पाठ केलेल्या आजोबांना हा वेळेचा अपव्यय वाटेल. पाढे पाठ हवेतच. खेळ त्यांची जागा घेत नाही. पण तीन संख्या घेऊन बसलेले मूल हातच्याच्या दहा-बारा वजाबाक्या न कुरकुरता करते. भागाकारासाठी कापरेकरांच्याच ‘हर्षद’ संख्या आहेत : ज्या संख्येला तिच्या अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो, ती हर्षद. १८ मध्ये १ + ८ = ९, म्हणून १८ हर्षद; १६ मात्र नाही. १० ते ३० पर्यंत अशा आठ संख्या आहेत. त्या शोधण्याचे काम रविवारी दुपारी मुलावर सोपवावे.

पालकांनी पाळायचे पथ्य एकच. चूक दिसली तरी बोट ठेवू नये. ‘मधला अंक पाहिलास का?’ एवढेच विचारावे आणि थांबावे. आपली चूक आपणच शोधण्याची सवय ज्या मुलाला लागली, त्याच्या हाती उद्या वही निर्धास्त सोपवता येईल.