आधी वही, मग बटण!

मित्रांनो, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, त्यामुळे माझं मराठी थोडं सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांचा आहे. होस्टेलचं नेट असो की लॅबचा सर्व्हर, बंद पडला की आपला एकच मंत्र, 'रीस्टार्ट मार!' चालू झाला की आपण खूश. हा काही उपाय नव्हे, हे मला इतवारीत कळलं.

इतवारीत माझ्या काकांचं मिरची-मसाल्याचं होलसेल दुकान आहे. माळ्यावर टिनाच्या छताखाली सर्व्हर, आणि खाली तीन कॉम्प्युटर त्याला जोडलेले. मागच्या मे महिन्यात हा सर्व्हर रोज बंद पडू लागला. एकदा तर हिशेबाची फाईलच खराब झाली आणि दोन दिवसांची बिलं पुन्हा टाकावी लागली. त्यात जीएसटीचं रिटर्न भरायची तारीख जवळ आलेली. काका म्हणाले, "तू इंजिनिअर ना, तूच बघ."

मी कॉलेज सुटल्यावर संध्याकाळी जायची. पाहावं तर मशीन ठणठणीत! तरी मी रॅम बदलली. मग विंडोज पुन्हा टाकलं, आणि त्याबरोबर जुन्या नोंदीही पुसून टाकल्या. दुसऱ्या दिवशी सर्व्हर पुन्हा बंद! काकांचे पैसे गेले ते गेलेच, मला तोंड दाखवायची लाज वाटू लागली.

तेव्हा दुकानातले म्हातारे मुनीमजी म्हणाले, "काऊन वं बाई, माही वही पाह्यली का तू?" सर्व्हर बंद पडला की ते हाताने बिल फाडायचे आणि वहीत वेळ टाकायचे. प्रत्येक नोंद दुपारी २ ते ४ मधली. मध्ये एक दिवस आभाळ होतं, त्या दिवशी एकही नोंद नाही!

कॅबिनेट उघडलं. प्रोसेसरच्या पंख्यात आणि हीट सिंकच्या फटींत मिरचीपूड आणि धूळ गच्च बसलेली. बाहेर ४५ अंश, माळ्यावर त्याहून जास्त. प्रोसेसर प्रमाणाबाहेर तापला की जळू नये म्हणून मशीन स्वतःच बंद होतं. थंड झालं की चालू होतं, आणि आपल्याला वाटतं रीस्टार्टने काम झालं! आधी फक्त पंखा साफ केला, तर बंद पडणं कमी झालं. मशीन खाली आणलं तेव्हा थांबलं.

१९९७ साली मंगळावर उतरलेल्या नासाच्या पाथफाइंडर यानाचा कॉम्प्युटरही असाच वारंवार रीसेट होत होता. तो आपोआप पुन्हा चालूही व्हायचा, पण तेवढ्यावर कोणी समाधान मानलं नाही. पृथ्वीवरच्या तशाच यंत्रावर नोंदी ठेवत तोच बिघाड पुन्हा घडवून आणला. कमी महत्त्वाचं काम एक सामाईक गोष्ट अडवून बसायचं आणि महत्त्वाचं काम ताटकळायचं, हे सापडलं. मग इथूनच सॉफ्टवेअरची सेटिंग बदलली.

आणि आपण? जर्नलमध्ये आधी उत्तर लिहितो, मग त्याला जुळतील अशी रीडिंग्ज बसवतो. खरं सांगा! मीही तेच करत आले. मुनीमजींनी तसं केलं असतं तर?

म्हणून माझं म्हणणं, प्रत्येक लॅबमध्ये सर्व्हरजवळ एक वही टांगावी. बंद पडला की आधी वेळ लिहा, काय चालू होतं ते लिहा, स्क्रीनवर काय आलं ते लिहा. एका वेळी एकच गोष्ट बदला. बटण सगळ्यात शेवटी.

आणि सर, तुम्हालाही एक विनंती. रीडिंग चुकलं म्हणून मार्क कापू नका. खोटं लिहिलं तर जरूर कापा!