पुस्तक मिटा, मग विचारा!

मूल धडा चारदा वाचतं, ‘सगळं येतंय’ म्हणतं आणि पेपरात अडतं. तुमच्याही घरी असंच होतं का? २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे! पुन्हा वाचताना मजकूर ओळखीचा वाटतो आणि आपण त्यालाच ‘पाठ झालं’ समजतो. म्हणून आज धडा वाचून झाला की पुस्तक मिटायला लावा आणि म्हणा, “आता मला सांग बघू!” मूल अडखळेल, वैतागेलही. लगेच उत्तर सांगू नका. थोडं थांबा, मग पुस्तक उघडून राहिलेलं दोघं मिळून शोधा.