घर आणि विज्ञान : दिव्यालाही पत्ता हवा

आपल्या घरातील दिवा एका कंपनीचा, पाणी तापविण्याचा गीझर दुसरीचा आणि गच्चीवरील सौर पट्ट्यांचा इन्व्हर्टर तिसरीचा असेल, तर ही यंत्रे एकमेकांशी कोणत्या भाषेत बोलणार? बरीच वर्षे याचे उत्तर होते, ज्याची त्याची भाषा वेगळी. प्रत्येक यंत्राबरोबर बहुधा त्याच कंपनीची मध्यस्थ पेटी घ्यावी लागे, आणि कंपनीने आपली दूरची सेवा गुंडाळली की धडधाकट यंत्रही मुके होई. पैसे मात्र आपले गेलेले असत.

यावर अभियंत्यांनी योजिलेला उपाय तसा साधा. संगणकांना जोडणारी इंटरनेटची जी सर्वमान्य पद्धती, जिला आयपी म्हणतात, तीच थेट दिव्यापर्यंत न्यावयाची. पहिली अडचण पत्त्यांची आली. या पद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत सुमारे ४२९ कोटीच पत्ते मावतात. ते पृथ्वीवरील माणसांनाही पुरत नाहीत, मग दिव्यांना कोठून द्यावयाचे? सहाव्या आवृत्तीने पत्ता १२८ बिटांचा केला आणि ती चिंता मिटली.

दुसरी अडचण अधिक मौजेची होती. कमी विजेवर चालणाऱ्या या लहान यंत्रांचा रेडिओ एका खेपेस जेमतेम १२७ बाइट पाठवितो. सहावी आवृत्ती मात्र १२८० बाइटांचे पाकीट नेता आले पाहिजे असे म्हणते, आणि पाकिटावरील नावपत्त्याचा मजकूरच ४० बाइट अडवितो. पुष्कळदा चिठ्ठीहून पत्ता मोठा! २००७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘सिक्सलोपॅन’ नियमांनी यातून वाट काढली. एकाच वाड्यातील शेजाऱ्यास चिठ्ठी धाडताना आपण गाव, तालुका, जिल्हा लिहीत नाही. त्याचप्रमाणे दोन्ही यंत्रांना जे मुळातच ठाऊक आहे ते लिहावयाचेच नाही. २०११ मधील सुधारणेनंतर ते ४० बाइट अनुकूल प्रसंगी दोन-तीनवर येतात. पाकीट मोठेच असेल, तर त्याचे तुकडे करून पाठवावयाचे आणि पलीकडे ते पुन्हा जुळवावयाचे.

अनेक कंपन्यांनी मिळून २०२२ साली आणलेले ‘मॅटर’ हे मानक सहाव्या आवृत्तीच्याच पायावर उभे आहे. विजेच्या व्यवहारासाठी ‘आयईईई २०३०.५’ हे मानकही इंटरनेटच्याच पद्धतीने चालते. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने सौर इन्व्हर्टरांसाठी ते स्वीकारले आहे.

हे सर्व आपल्या स्वयंपाकघराशी येऊन भिडते. भारत सरकारच्या २०२३ च्या नियमांत स्मार्ट मीटर असलेल्या ग्राहकांसाठी वेळेनुसार दराची तरतूद असून, उन्हाच्या तासांतील दर नेहमीपेक्षा किमान २० टक्के कमी ठेवावयाचा आहे. गीझरला दर समजला, तर कोणी न सांगता तो स्वस्त वेळी पाणी तापवून ठेवील. परंतु ज्या नोंदींवरून हे साधते, त्याच नोंदी घर केव्हा जागे होते आणि केव्हा रिकामे असते, हेही सांगतात. म्हणूनच उपरोक्त मानकात बँकेच्या व्यवहाराप्रमाणे निरोप कुलूपबंद करून धाडण्याची सक्ती आहे. या सक्तीला मी सोयीहून अधिक महत्त्व देतो.

तेव्हा पुढील खरेदीच्या वेळी दुकानदारास किमतीबरोबर एवढेही विचारावे : बाहेरचे इंटरनेट बंद पडले, तर घरातल्या घरात हे यंत्र चालते काय? आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्राशी ते बोलते काय? तो गप्प राहिला, तर दुसरे दुकान पाहावे.