दोर आधी सुटला पाहिजे

वरूड तालुक्यात झुंज येथे १४ सप्टेंबर २०२१ रोजी वर्धा नदीत नाव उलटून ११ जीव गेले. असा प्रसंग ओढवला की पहिली धाव गावकऱ्यांचीच असते आणि एखादा तरुण कंबरेला दोर बांधून प्रवाहात शिरतो. त्याचे धैर्य वंदनीय खरे. परंतु तो दोरच त्याचा घात करू शकतो. दोर ताणला की प्रवाह बांधलेल्या माणसास पाण्याखाली दाबतो. वेग दुप्पट होताच हा जोर चौपट होतो. भिजून ताणलेली सुरगाठही तेव्हा निरगाठच ठरते.

जलक्रीडेत पाय दोरात अडकवून नौकेमागे कसरती करणारा खेळाडू पडताच नौकेतील सोबती खटका ओढून दोर मोकळा करतो. बचावकार्याच्या खास जाकिटाचा दोर तर छातीवरील गोळा ओढताच स्वतःलाच सोडविता येतो. बैल पडला तर शेतकरी त्यास आधी जुवातून मोकळा करतो. माणसाविषयी एवढी दक्षता नको काय?

अमरावती व अकोला जिल्हा प्रशासनांनी वर्धा, पूर्णा व मोर्णा या नद्यांकाठच्या पथकांपाशी अशी जाकिटे आहेत काय, हे पावसाळ्यापूर्वी तपासावे आणि सरावही घ्यावा. ताणाखाली एका हाताने न सुटणारा दोर कोणाच्याही अंगास बांधू नये, हा नियमच झाला पाहिजे.